मुलीच्या दातांना तार : ३८ हजार की १ लाख ४० हजार?

पत्र : माझी मुलगी ११ वर्षांची आहे, सहावीत. वरचे पटाशीचे दात पुढे आलेत आणि खालचे एकमेकांवर चढलेत. तीन ठिकाणी दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी तोंडात बघून मेटलची तार ३८ हजारांत करून देतो म्हणून सांगितलं. दुसरीकडे 'आता तार कोण लावतं, अलायनर करा' असं म्हणाले, म्हणजे दातांवर चढवायची पारदर्शक कव्हरं. १ लाख ४० हजार, हप्त्यांची सोय आहे. तिसऱ्या डॉक्टरांनी कदाचित चार दात काढावे लागतील, आधी एक्स-रे काढून आणा, एवढंच सांगितलं. पैशाचं काही बोललेच नाहीत. सासूबाईंचं म्हणणं, वरचे दात काढले की नजर अधू होते, आणि एवढ्यात घाई कशाला? धाकटा मुलगा ८ वर्षांचा आहे. त्याच्याही समोरच्या दोन दातांत फट पडली आहे. दोघांचं एकदमच उरकावं का? आणि मुलीचं परीक्षेआधी सुरू करावं की नंतर?
— एक आई, सिंहगड रोड

उत्तर : ताई, तिघांमध्ये ज्यांनी पैशाचा आकडा सांगितला नाही त्यांच्याकडे परत जा. आकडा सांगायला आधी काय करायचं ते ठरावं लागतं, आणि ते तोंडात डोकावून ठरत नाही. ३८ हजार आणि १ लाख ४० हजार हे दोन्ही आकडे तुमच्या मुलीचे नाहीत, त्या त्या क्लिनिकच्या दरपत्रकातले आहेत.

सुरुवात चार गोष्टींनी होते. पहिली ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे एका फोटोत दाखवणारा एक्स-रे. हाडात अजून किती दात दडलेत, कुठला कायमचा दात जन्मतःच नाही, वरचे सुळे सरळ खाली येतायत की आडवे जातायत, हे त्यात कळतं. दुसरा लॅटरल सेफ, चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्स-रे. दात पुढे आलेत की खालचा जबडाच मागे राहिलाय, याचा निवाडा यावर होतो. आईवडिलांना दोन्ही सारखंच दिसतं, इलाज मात्र पूर्ण वेगळा. तिसरं दातांचं माप, प्लास्टरचा साचा किंवा हल्ली बऱ्याच ठिकाणी तोंडातलं स्कॅन. चौथं चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो. दोन्ही एक्स-रे मिळून पुण्यात साधारण हजार ते दीड हजार रुपये होतात. किरणांची भीती नको, ओपीजीतून मिळणारी मात्रा निसर्गतः मिळणाऱ्या काही दिवसांच्या किरणांइतकी असते. थ्रीडी स्कॅन, म्हणजे सीबीसीटी, मात्र सरसकट लागत नाही. सुळा हाडात अडकला असेल, एखादा जादा दात असेल, तर त्याचा उपयोग. कारण न सांगता कोणी तो काढायला सांगितला तर 'कशासाठी?' हे जरूर विचारा. आणि एक्स-रेच्या फाईली मोबाईलवर मागून ठेवा. दुसरं मत घ्यायचं झालं तर पुन्हा पैसे भरून तेच काढत बसू नका.

आता 'घाई कशाला' याबद्दल. एरवी सासूबाईंचं म्हणणं चुकीचं नाही. दात नुसते वेडेवाकडे असतील तर बहुतेक मुलांचा इलाज १२-१३व्या वर्षी, सगळे कायमचे दात आल्यावर, एकाच फेरीत होतो. लवकर सुरू करून दोनदा तार लावण्यात पैसे आणि मुलाचा धीर दोन्ही जास्त खर्च होतात. पण तुमच्या मुलीचे दात पुढे आलेले आहेत, आणि तिथे वय आडवं येतं. सेफमध्ये खालचा जबडा मागे दिसला तर वाढीच्या वेगाचा फायदा घेऊन तो पुढे धरता येतो. त्यासाठी बहुधा ट्विन ब्लॉक देतात. वर एक, खाली एक असे प्लास्टिकचे दोन काढघाल करता येणारे तुकडे. तोंड मिटलं की उतरत्या कडांवरून खालचा जबडा आपोआप पुढे सरकतो. दिवसरात्र घालावे लागतात, नऊ महिने ते वर्षभर. मग साधी तार. मुलींची उंची वाढण्याचा जोर मुलांपेक्षा जवळजवळ दोन वर्षं आधी येतो आणि पाळी साधारणपणे तो जोर ओसरू लागल्यावर सुरू होते. म्हणून मुलीची पाळी सुरू झाली आहे का, हे डॉक्टरांनी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तरी सांगा. क्लिनिकमध्ये चार लोकांसमोर संकोच वाटत असेल तर केसपेपरवर लिहून द्या. याच एका माहितीवर 'आत्ता' की 'दीड वर्षाने' हे ठरू शकतं. सेफमध्येच मानेच्या मणक्यांच्या आकारावरूनही वाढ किती बाकी आहे याचा अंदाज डॉक्टर घेतात. ट्विन ब्लॉकचे साधारण १० ते २० हजार लागतात. पुढच्या तारेच्या रकमेत ते धरलेत की वेगळे, हे आधीच विचारून घ्या.

पुढे आलेल्या दातांचं आणखी एक. वरचे पटाशीचे दात ओठाबाहेर असतील तर पडल्यावर, चेंडू लागल्यावर पहिला मार त्यांनाच बसतो. लवकर इलाज करण्याचं हे एक ठोस कारण अभ्यासांमधूनही पुढे आलं आहे. मुलगी कबड्डी, कराटे असलं काही खेळत असेल तर तार लागेपर्यंत आणि लागल्यावरही माउथगार्ड हवा.

दात काढण्याबद्दल आधी सासूबाईंचं समाधान करू. वरच्या दातांच्या नसा आणि डोळ्यांची दृष्टीची नस या वेगवेगळ्या आहेत, एकीचा दुसरीशी संबंध नाही. दात काढल्याने नजर जात नाही. पण 'दात काढायचे' म्हटल्यावर पोटात गोळा येणं साहजिक आहे, म्हणून कारण समजून घ्या. सहसा काढतात त्या सुळ्यामागच्या पहिल्या उपदाढा, वर दोन, खाली दोन. एक उपदाढ साधारण ७ मिलिमीटर रुंद. एका जबड्यातून दोन काढल्या की १४ मिलिमीटर जागा मिळते. दातांच्या मापात गर्दी ४ मिलिमीटरच्या आत असेल तर जबडा थोडा रुंद करून किंवा दातांच्या कडा किंचित घासून भागतं. ८-९ मिलिमीटरच्या पुढे गेली की दात न काढता सगळे एका ओळीत बसवले तर ते पुढे झुकतात, ओठ मिटत नाहीत आणि हिरडीवर ताण येतो. मधल्या मापात दोन चांगले डॉक्टर प्रामाणिकपणे दोन वेगळी मतं देऊ शकतात. तुमच्या मुलीच्या बाबतीत गर्दीही आहे आणि दात पुढेही आहेत, म्हणजे जागेची गरज दोन्हीकडून. त्यामुळे तिसऱ्या डॉक्टरांनी 'कदाचित' म्हटलं ते उगाच नाही. त्यांना एवढंच विचारा : गर्दी किती मिलिमीटर आहे, आणि दात न काढता केलं तर ओठांचं काय होईल? उत्तर साच्यावर बोट ठेवून मिळालं तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आता पैसे. पुण्यातल्या खासगी क्लिनिकमध्ये मेटलच्या तारेचे ढोबळमानाने ३० ते ६० हजार घेतात. ब्रॅकेट म्हणजे दातावर चिकटवलेला, तार धरणारा छोटा तुकडा. दाताच्या रंगाच्या सिरॅमिक ब्रॅकेटला त्यावर आणखी १० ते २० हजार. सेल्फ-लायगेटिंग म्हणजे तार धरायला रबराऐवजी झडप असलेले ब्रॅकेट त्याहून महाग. त्याने इलाज निम्म्या वेळात होतो असं कोणी सांगितलं तर कानाआड करा. लहान मुलीला सिरॅमिक घेण्यातही फारसा अर्थ नाही. ते ठिसूळ असतात, आणि भोवतीची रबरं हळदीच्या आमटीने आठवड्याभरात पिवळी पडतात. मेटल घ्या आणि रबरांचा रंग तिला निवडू द्या, मुलांना तेवढं पुरतं.

पण ३८ हजारांचा आकडा शेवटी कितीवर जातो ते बघा. दोन एक्स-रे १,४००. तार लावण्याआधी दात साफ करायचे १,२००. चार उपदाढा काढायच्या, दाढेमागे हजार धरले तर ४,०००. शेवटी वरखाली रिटेनर, म्हणजे तार काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारे तुकडे, ६,०००. मधल्या दोन वर्षांत चार ब्रॅकेट तुटले आणि प्रत्येकाचे ४०० घेतले तर १,६००. बेरीज ५२ हजार २००. दाढेत कीड निघाली तर सिमेंट भरायचे पैसे वेगळे, आणि ती आधी भरल्याशिवाय तार लावूच नये. याउलट दुसरं एखादं क्लिनिक ४८ हजार सांगत असेल आणि त्यात साफसफाई, तुटलेले ब्रॅकेट, रिटेनर सगळं धरलेलं असेल, तर ते स्वस्त. म्हणून 'तारेचे किती?' असं विचारूच नका. 'आजपासून रिटेनर हातात पडेपर्यंत एकूण किती, आणि यात काय धरलं नाही?' असं विचारा, आणि उत्तर क्लिनिकच्या लेटरहेडवर लिहून घ्या. त्यात आणखी दोन ओळी हव्यात. २४ महिन्यांचा इलाज ३० महिने चालला तर जादा भेटींचे पैसे लागतील का, आणि मध्येच तुमची बदली झाली तर हिशेब कसा होईल. हिंजवडीतल्या नोकरीने बंगळुरू दाखवलं की हा प्रश्न लगेच उभा राहतो. अर्धी झालेली केस दुसऱ्या गावात घ्यायला डॉक्टर नाखूश असतात, घेतली तरी जवळजवळ नव्यानेच पैसे लावतात.

पूर्ण रक्कम आधी भरू नका, सवलत देतो म्हटलं तरी. एक तृतीयांश तार लावताना आणि उरलेली महिन्याच्या भेटीला थोडीथोडी, ही पद्धत बहुतेक क्लिनिकमध्ये चालते आणि दोघांनाही सोयीची आहे. 'नो कॉस्ट ईएमआय' हे फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लिनिकला पैसे एकरकमी मिळून जातात, उद्या क्लिनिक बंद पडलं तरी हप्ते तुमच्या खात्यातून जातच राहतात. प्रोसेसिंग फी किती, तेही बघा. मेडिक्लेममध्ये दातांची तार सहसा बसत नाही. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत ओपीडीत दातांचा खर्च असेल तर एचआरला मेल करून 'ऑर्थोडॉन्टिक इलाज, म्हणजे तारेचा, धरलाय का' हे लेखी विचारा, तोंडी 'डेंटल कव्हर आहे' यावर विसंबू नका.

अलायनरबद्दल. ही पारदर्शक कव्हरं वाईट नाहीत, मोठ्या माणसांच्या किरकोळ गर्दीला छान चालतात. पण ११ वर्षांच्या मुलीचे सुळे आणि दुसऱ्या दाढा अजून यायच्या असतात, त्या येतील तसं माप बदलत जातं. दिवसाचे २० ते २२ तास ती घालावी लागतात, म्हणजे डबा खाताना काढायची, चूळ भरायची, पुन्हा घालायची. सहावीतली मुलं ती डब्याच्या झाकणात ठेवतात आणि झाकण शाळेतच राहतं. उपदाढा काढून ७-७ मिलिमीटरची जागा बंद करायची असेल तर दात मुळापासून सरकवायला तारच जास्त भरवशाची. तरीही कुठल्या कारणाने अलायनरच घ्यायचे ठरले तर हरवलेला ट्रे (म्हणजे एकेक कव्हर), शेवटी लागणारे जादा ट्रे आणि रिटेनर हे त्या १ लाख ४० हजारांत आहेत का ते विचारा. आणि डॉक्टर प्रत्यक्ष न तपासता घरपोच ट्रे पाठवणाऱ्या योजनांपासून मुलांना चार हात लांब ठेवा.

इलाज कोण करणार, हे पैशाइतकंच महत्त्वाचं. दंतवैद्य बीडीएस असतात. त्यावर तीन वर्षांचं एमडीएस ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या विषयात, केलेले ते ऑर्थोडॉन्टिस्ट. पाटीवर नुसतं 'एमडीएस' असेल तर विषय कोणता ते विचारा, एमडीएस हिरड्यांचंही असतं आणि रूट कॅनालचंही. पुण्यातल्या पुष्कळ क्लिनिकमध्ये ऑर्थोडॉन्टिस्ट रोज नसतात, महिन्यातून दोन-तीन ठरलेल्या दिवशी येतात. त्यात काही वावगं नाही. मात्र ते कोण, किती वर्षं या क्लिनिकला येतायत, कुठल्या वारी येतात आणि मधल्या दिवशी तार टोचली तर कोण बघणार, हे विचारून ठेवा. मुलीचा शनिवार-रविवार क्लासचा असेल आणि डॉक्टर रविवारीच येत असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच भेटी चुकू लागतात. भेटी चार ते सहा आठवड्यांनी, म्हणजे दोन वर्षांत वीसेक चकरा. सिंहगड रोडवरून संध्याकाळच्या गर्दीत चकरा मारायच्या असतील तर नावाजलेल्या पण लांबच्या क्लिनिकपेक्षा घराजवळचं बरं.

खर्च अवघड जात असेल तर डेंटल कॉलेज हा उत्तम मार्ग आहे आणि लोक तो विनाकारण टाळतात. तुम्हाला वडगाव बुद्रुकचं सिंहगड आणि धनकवडीचं भारती विद्यापीठ ही दोन जवळ. कॅम्पात आझम कॅम्पसमध्ये रंगूनवाला, पिंपरीत डी. वाय. पाटील. तिथे इलाज पदव्युत्तर विद्यार्थी करतात, प्रत्येक टप्पा प्राध्यापक तपासतात, आणि खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो. मोबदल्यात वेळ जातो. एका भेटीला अर्धा दिवस धरा, आणि ती भेट शाळेच्या वेळेत असते. तिथे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो कोणी विचारत नाही : 'डॉक्टर, तुमचं कितवं वर्ष?' अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्याने घेतलेली केस तोच संपवण्याची शक्यता जास्त. तिसऱ्या वर्षातल्याने घेतली तर मध्येच ती नव्या विद्यार्थ्याकडे जाणार, आणि नवा माणूस केस समजून घेईपर्यंत दोन-तीन महिने सहज जातात.

प्रत्यक्ष तार लावायच्या दिवसाची मुलीला आधी कल्पना द्या, निम्मी भीती तिथेच जाते. काही डॉक्टर शेवटच्या दाढांना धातूची कडी बसवतात. तसं असेल तर आठवडाभर आधी दाढांच्या फटीत छोटी निळी किंवा हिरवी रबरं घालतात, जागा व्हावी म्हणून. मांसाचा तंतू दातात अडकावा तसं वाटतं, दोन दिवस चावताना दुखतं, आणि एखादं रबर गिळलं गेलं तरी काही होत नाही. लावायच्या दिवशी इंजेक्शन नाही, ड्रिल नाही. ओठ ताणून धरणारं प्लास्टिक घालतात, दात पॉलिश करतात, मग प्रत्येक दातावर अॅसिडचं निळं जेल १५ ते ३० सेकंद. धुतल्यावर दात खडूसारखा पांढरा, कोरडा दिसतो, तिथेच ब्रॅकेटचं सिमेंट धरतं. या क्षणी थुंकी लागली तर तो ब्रॅकेट लवकर पडण्याची शक्यता बरीच. म्हणून मुलीला सांगा, 'डॉक्टर हो म्हणेपर्यंत जीभ हलवायची नाही.' निळ्या दिव्याने सिमेंट कडक करतात. चार उपदाढा काढल्या असतील तर १६ ब्रॅकेट आणि पहिल्या दाढांना चार ट्यूब, म्हणजे तारेचं टोक अडकवायच्या बारीक नळ्या. शेवटी तार. पहिली तार निकेल-टायटॅनियमची, बहुधा ०.०१४ इंच जाडीची. ही वाकवून वाकड्या दातांत अडकवली तरी आपल्या मूळ आकारावर येऊ पाहते आणि दातांना हळूहळू ओढते. काही महिन्यांनी जाडी वाढवत स्टीलच्या चौकोनी तारेपर्यंत जातात, आणि मग काढलेल्या दातांच्या जागा बंद करायचं काम सुरू होतं. दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. ७ मिलिमीटरच्या जागेला सहा-सात महिने का लागतात, याचं गणित एवढंच. जोर वाढवून घाई केली तर दाताचं मूळ झिजण्याचा धोका वाढतो. इलाजाच्या मध्यावर एकदा ओपीजी काढून मुळं बघायला सांगा.

दुखायला लागतं ते क्लिनिकमध्ये नाही, घरी आल्यावर चार-सहा तासांनी. दुसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त, आणि आठवड्यात ओसरतं. पॅरासिटामॉल किती द्यायची ते वजनावर ठरतं, डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. दोन-चार दिवस मऊ खिचडी, दहीभात, शिरा, उकडलेल्या भाज्या. गालाला आतून ब्रॅकेट घासून फोड येतात. त्यावर क्लिनिकमधून मिळणारं मेण वाटाण्याएवढं घेऊन, ब्रॅकेट कापसाने कोरडा करून दाबायचं. ओल्या ब्रॅकेटवर मेण टिकत नाही, आणि मग 'मेणाचा काही उपयोग नाही' असं घरोघरी ऐकू येतं. मागच्या बाजूने तार टोचायला लागली तरी तेच. नेलकटरने तार कापायला जाऊ नका, कापलेला तुकडा घशात जाऊ शकतो. तुकडा गिळला गेला आणि मूल ठणठणीत असेल तर बहुधा तो शौचावाटे निघून जातो, तरी डॉक्टरांना कळवा. ठसका थांबत नसेल, श्वास लागत असेल तर थेट हॉस्पिटल.

ब्रॅकेट का तुटतात याचं उत्तर पुण्यात सोपं आहे : बाकरवडी, चिक्की, सिंहगडावरचं भाजलेलं कणीस आणि पेरू. समोरच्या दातांनी तोडून खायचं काहीही दोन वर्षं बंद. कणसाचे दाणे सोलून, पेरू चिरून, भाकरी आमटीत कुस्करून. बाकरवडीला पर्याय नाही, ती राहू द्या. बर्फ चावणं आणि पेनाचं टोक चावणं यानेही ब्रॅकेट तुटतात. आणि ब्रॅकेट तुटला तर 'पुढच्या भेटीला दाखवू' म्हणून थांबू नका. तो दात तेवढे दिवस मागे फिरतो, दोन महिन्यांचं काम परत करावं लागतं. इलाज लांबण्याची दोन मोठी कारणं हीच, तुटलेले ब्रॅकेट आणि न लावलेली रबरं. रबरं म्हणजे वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत मुलीने स्वतः अडकवायची बारीक रिंगं. ती रोज बदलायची, दिवसातले वीसेक तास घालायची. फक्त रात्री घातली तर सहा महिन्यांचं काम वर्षावर जातं.

आता ज्याकडे पालकांचं सगळ्यात कमी लक्ष असतं ते. ब्रॅकेटभोवती अन्न आणि कीट साचून राहिलं की त्यातल्या जिवाणूंचं अॅसिड दाताचं कॅल्शियम ओढून घेतं. महिन्याभरातही दातावर खडूसारखे पांढरे डाग पडू शकतात. तार काढल्यावर दात सरळ, पण प्रत्येकावर ब्रॅकेटच्या आकाराची पांढरी चौकट. हे डाग घासून जात नाहीत. उपाय रोजचाच आहे. ब्रॅकेटच्या वरच्या कडेने ब्रश तिरका खाली, खालच्या कडेने तिरका वर, मग तारेखालून बारीक इंटरडेंटल ब्रश. रात्रीचे चार मिनिटं ठरलेली, आणि निदान पहिले दोन महिने शेवटची तपासणी मोठ्यांनी मोबाईलच्या टॉर्चने करायची. पेस्ट किमान १,००० पीपीएम फ्लोराइडची, पाकिटावर आकडा छापलेला असतो. आयुर्वेदिक म्हणून घेतलेल्या पुष्कळ पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच, उलटून बघा. डॉक्टरांनी सांगितलं तर ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडचं माउथवॉश दिवसातून एकदा, १० मिलिलिटर, मिनिटभर खळखळून थुंकायचं, नंतर अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. दोन भेटींत हिरड्या सुजलेल्या आणि दात घाण दिसले तर चांगला डॉक्टर तार पुढे न्यायचं थांबवतो. रागवू नका, तो योग्य करतोय.

आणि रिटेनर. तार काढल्याच्या दिवशी पेढे वाटले जातात, नंतर हा प्लास्टिकचा तुकडा कपाटात पडतो. दाताभोवतीचं हाड आणि हिरडीतले तंतू नव्या जागी घट्ट व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला सहा महिने जेवण सोडून दिवसभर, मग रोज रात्री, आणि पुढे बरीच वर्षं निदान काही रात्री. दोन महिने घातला नाही की तो दातावर चढतच नाही, आणि ५२ हजारांतले दात हळूहळू आपल्या जुन्या जागी निघतात. गरम पाण्यात धुतला तर वाकतो. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून टेबलावर ठेवला तर वेटर उचलून नेतो, रिटेनर हरवण्याची ही अगदी ठरलेली जागा. डबी दप्तरातच हवी. खालच्या दातांमागे चिकटवलेली बारीक तार जास्त सोयीची, पण तिच्यामागे कीट लवकर जमतं, सहा महिन्यांनी साफ करून घ्यावी लागते.

धाकट्याचं मात्र काही उरकू नका. आठव्या वर्षी वरच्या दोन मोठ्या दातांत फट असणं बहुतेक वेळा नॉर्मल असतं. वरचे सुळे वरून खाली येताना शेजारच्या मुळांना ढकलतात आणि दात पंख्यासारखे फाकतात. सुळे ११-१२व्या वर्षी उतरले की फट बरीचशी आपली आपण मिटते. ही फट मिटवायला आत्ता तार लावली तर सुळ्याच्या वाटेत मुळं आडवी येण्याची भीती असते. मात्र एक ओपीजी काढून ठेवा. मधोमध एखादा जादा दात हाडात दडलेला असेल तर फट सुळ्यांनी मिटणार नाही. शिवाय त्याचं तोंड मिटवून बघा. वरचा एखादा समोरचा दात खालच्या दाताच्या आत जात असेल तर ते थांबवून ठेवायचं काम नाही, छोट्या प्लेटने काही महिन्यांत सुटतं आणि स्वस्तात सुटतं. दुधाची दाढ कीड लागून आधीच काढली असेल तर ती जागा राखून ठेवणारा स्पेस मेंटेनर लागेल का विचारा, नाहीतर मागची कायमची दाढ त्या जागेत सरकते आणि चार वर्षांनी तोच मुलगा गर्दीच्या इलाजाला येतो. अंगठा चोखत असेल, किंवा झोपेत तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तर तेही सांगा. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं असतं. बाकी, वर्षातून एकदा दाखवणं पुरे.

राहिला परीक्षेचा प्रश्न. सहावीच्या वार्षिक परीक्षेसाठी इलाज वर्षभर मागे ढकलायची गरज नाही, फक्त लावण्याचा दिवस परीक्षेच्या आठवड्यात किंवा सहलीच्या आदल्या दिवशी येऊ देऊ नका. एक्स-रे आणि माप आत्ताच होऊ द्या. दात काढायचे ठरले तर दोन्ही बाजू एकदम नको, आठवड्याच्या अंतराने उजव्या दोन, मग डाव्या दोन, म्हणजे एका बाजूने जेवता येतं. आत्ताच तार लावायची ठरली तर परीक्षा संपली की त्याच आठवड्यात लावा. मग सुट्टीत दोन-तीन भेटी निवांत होतील, आणि जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत तिला ब्रश, मेण, रबरं सगळं स्वतःचं स्वतः जमायला लागलेलं असेल.